कोल इंडिया विकून ग्रीन एनर्जी फंड घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्ही सांगाल. तुम्ही वेकोलित, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, नोकरीला आहात, वय शेहेचाळीस. २०१० च्या सार्वजनिक शेअरविक्रीत (इश्यूत) घेतलेले कोल इंडियाचे शेअर अजून तसेच आहेत, मधे त्यात भर घातलीत, आणि आज तुमच्या एकूण गुंतवणुकीत निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच आहे. नागपुरात अंबाझरी लेआउटकडे तळमजल्यावर फ्लॅट आहे, त्यावर कर्ज चालू आहे. काटोलकडे वडिलोपार्जित पाच एकर संत्र्याची बाग आहे. चुलतभाऊ म्हणतो, हवामानबदलामुळे कोळसा संपला, सगळं विक, वरून फ्लॅटवर टॉप-अप (चालू कर्जात वाढीव) कर्ज घे आणि ग्रीन एनर्जी फंडात टाक. ऑफिसातले लोक म्हणतात, हे सगळं युरोपचं खूळ आहे, कोळशाला मरण नाही. खरं कोण, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण तुमची खरी अडचण कोळसा की सौर ही नाही. पगार कोळशातून, पेन्शन कोळशातून, शेअर कोळशाचे, घर पुराच्या वाटेवर आणि बाग पावसाच्या भरवशावर. सगळी गुरं एकाच खुंट्याला बांधलीत आणि तो खुंटा हलायला लागलाय की नाही यावर घरात वाद चाललाय. माझ्या मते वाद मिटायची वाट न बघता काही गुरं सोडवून दुसरीकडे बांधायला हवीत. कुठली, किती आणि कधी, त्याबद्दल पुढे लिहितो.

मी नागपुरात बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. विदर्भातल्या जिनिंग, फाउंड्री, गोदामं, पवन आणि सौर प्रकल्पांचे कर्जप्रस्ताव तपासले. आता शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार आहे. हवामानाकडे मी कायम परतफेडीच्या बाजूने बघत आलोय: याने हप्ता चुकेल का, तारण टिकेल का, विमा मिळेल का. तुमच्या कर्जाचा दर, पत्नीचं उत्पन्न, मुलांचं शिक्षण कुठल्या टप्प्यावर आहे हे मला माहीत नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून खाली आकड्यांपेक्षा विचार कसा करायचा ते जास्त येईल.

हवामान पैशापर्यंत दोन वाटांनी पोहोचतं. एक सरळ: पूर, ऊन, गारपीट, दुष्काळ. दुसरी सरकारमार्फत: कर, बंदी, अनुदान, आयात शुल्क, माहिती उघड करण्याची सक्ती. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २०१५ मध्ये लंडनमधल्या विमा व्यावसायिकांपुढे ही विभागणी मांडली (भरपाईच्या दाव्यांचा तिसरा धोकाही त्यांनी सांगितला होता) आणि तेव्हापासून जगभरच्या बँका याच चौकटीत बोलतात. आपली रिझर्व्ह बँकही एप्रिल २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या या विषयावरच्या जागतिक गटात सामील झाली. तुमच्या बाबतीत दोन्ही वाटा एकदम घरापर्यंत येतात, म्हणून प्रश्न जरा वेगळा आहे.

आधी कोल इंडिया. शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला, इश्यूची किंमत २४५ रुपये. २०१५ मध्ये तो चारशेच्या वर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ११०-११५ च्या आसपास घसरला. तेव्हा जगातल्या मोठमोठ्या फंडांनी कोळसा नको असं जाहीर केलं होतं, कोविडमुळे विजेची मागणी पडली होती, आणि सरकार आपला हिस्सा आणखी विकेल ही धास्ती होतीच. तुमच्या चुलतभावाचं वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. मग मागणी परतली, युक्रेनच्या युद्धाने जगभर कोळसा महागला, लिलावात कंपनीला चढे भाव मिळाले, आणि २०२४ मध्ये शेअर पाचशेच्या वर गेला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषायचा) गाठण्याची घोषणाही केली. म्हणजे धोरण कोळशाच्या विरोधात जाहीर होत होतं आणि शेअर वर जात होता.

यावरून ऑफिसातले लोक बरोबर, असं समजू नका. शेअरची किंमत म्हणजे कंपनी पुढे किती वर्षं किती पैसे देईल याचा आजचा अंदाज. कोळशाच्या बाबतीत पुढची दहाएक वर्षं बऱ्यापैकी दिसतात. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच एका आर्थिक वर्षात शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. २०२५ च्या मध्यावर आपल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला, हे २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, म्हणून प्रत्यक्ष विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच आहे. कोराडी, खापरखेडा ही नागपूरजवळची औष्णिक केंद्रं उद्या बंद होणार नाहीत.

तुमचं गणित मात्र उद्याचं नाही. आज तुम्ही शेहेचाळीस, निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे २०४० च्या आसपास. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं तुम्हाला साठवलेल्या पैशावर जगायचंय. बाजाराला कोळशाबद्दल ज्या वर्षांची खात्री वाटत नाही, नेमकी तीच वर्षं तुमच्या म्हातारपणाची आहेत. आत्ता साठीच्या पुढे असलेल्या माणसाने कोल इंडिया धरून लाभांश खाल्ला तर मी त्याला अडवणार नाही. तुम्हाला अडवेन.

लाभांशाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक वेकोलिवाल्याला सांगतो. ज्या धंद्याचं आयुष्य मर्यादित आहे त्याचा भरघोस लाभांश हे सगळं उत्पन्न नसतं, त्यात तुमच्या मुदलाची परतफेडही मिसळलेली असते. खाण रिकामी होत जाते आणि तिच्यातले पैसे तुमच्या खात्यात येत राहतात. तो पैसा खर्च केलात, किंवा त्यातून पुन्हा कोल इंडियाच घेतलात, तर मुद्दल परत कुठेच उभं राहत नाही. तुम्ही लिहिलंय की दरवर्षी लाभांशातून थोडे शेअर वाढवता. सगळ्यात आधी ते थांबवा. तो लाभांश साध्या, कमी खर्चाच्या निफ्टी इंडेक्स फंडात (बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या) जाऊ द्या. यासाठी काही विकायला नको, कर वाढत नाही, आणि गुरं सोडवायला सुरुवात होते.

पेन्शनचं बोलायचं तर, कोळसा कामगारांच्या पेन्शन निधीत कोल इंडिया दर टन कोळशामागे ठरावीक रक्कम भरते. म्हणजे तुमचं पेन्शनही उत्पादनाशी जोडलेलं आहे. ते बुडेल असं मी म्हणत नाही. पण पगार, पेन्शन आणि शेअर या तिघांचं नशीब एकाच ठिकाणी ठरत असेल तर त्यातला जो एक भाग तुमच्या हातात आहे, तो तरी हलवावा. पगार आणि पेन्शन हलवता येत नाही, शेअर येतो.

आता सरकारी धोरणाचा भाग. इथे बहुतेक लोक मानतात की धोरण एकाच दिशेने, हळूहळू कडक होत जातं. माझा अनुभव तसा नाही. कोळशावरचा स्वच्छ ऊर्जा उपकर २०१० मध्ये टनाला ५० रुपये होता, २०१६ पर्यंत ४०० झाला. सहा वर्षांत आठपट. तरी कोल इंडिया कोसळली नाही, कारण भार वीजकंपन्यांकडे आणि तिथून आपल्या बिलात गेला. २०१७ मध्ये तो जीएसटीच्या भरपाई उपकरात विलीन झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. औष्णिक केंद्रांच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ चा. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. कोराडीच्या आसपास राहणाऱ्यांना याचं काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि त्यांचं दुःख खरं आहे. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने एवढंच बघा की ज्यांनी २०१५ चा नियम वाचून यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्यांवर पैसे लावले त्यांचा हिशोब कागदावर बरोबर होता, तरी दहा वर्षांनी चुकला.

बाहेरही तेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हवामानाच्या पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. कर्जवाटप नेट झिरोकडे नेऊ म्हणून बँकांनी उभारलेली जागतिक आघाडी मोठमोठ्या अमेरिकी बँका सोडून गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुंडाळली गेली. म्हणून 'सरकारने ठरवलंय' हे एकच कारण देऊन कोणी कुठली गुंतवणूक विकायला आलं तर मी थांबतो. नियम बदलला तर नुकसान कोणाचं, हे आधी विचारतो.

तरीही सगळंच धोरण हवेतलं नसतं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्याकडे (लोखंडाचं ओतकाम करणाऱ्याकडे) मी अलीकडे गेलो होतो. लहान कारखाना, इंडक्शन भट्टी, माल जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाकडे जातो. त्याने टेबलावर लॅपटॉप फिरवून दाखवला: गिऱ्हाइकाने पाठवलेली भलीमोठी एक्सेल शीट. एक टन माल तयार करताना किती गॅस, किती डिझेल, किती वीज, आणि विकत घेतलेलं कच्चं लोखंड कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या पद्धतीने बनलेलं. त्याला वाटत होतं की आपली भट्टी विजेची, म्हणजे आपण सुटलो. आम्ही दोघांनी रांगेने आकडे भरले तेव्हा दिसलं की त्याच्या शेडमधून फारसं काही निघत नाही. खरा भार तो विकत घेत असलेल्या पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, आहे, कारण ते कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीतून येतं. भंगार जास्त आणि पिग आयर्न कमी वापरलं की आकडा लगेच खाली येतो. म्हणजे त्याच्या पुढच्या ऑर्डरी भंगाराचा चांगला पुरवठादार मिळतो का यावर ठरणार.

हे सगळं युरोपियन युनियनच्या सीमेवरच्या कार्बन शुल्कामुळे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती मागत होते, १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज हे त्यात येतं. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आयात करणाऱ्यांना वीज आणि हायड्रोजन सोडून इतर मालासाठी सूट आहे. आपल्याकडेही कार्बन क्रेडिटचा बाजार उभा राहतोय. २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली (क्लोरीन, कॉस्टिक सोडा) उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्यं लागू झाली. लक्ष्याहून चांगलं काम करणाऱ्याला क्रेडिट मिळेल, मागे पडणाऱ्याला विकत घ्यावं लागेल. तुमच्याकडे पोलादाचे किंवा सिमेंटचे शेअर असतील तर वार्षिक अहवालात टनामागे उत्सर्जन किती आहे आणि तीन वर्षांत ते कुठे चाललंय ते बघा. शेअर बाजारातल्या मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने ही माहिती देणं सक्तीचं केलंय. पानं कंटाळवाणी असतात, तरी वाचा. तिथे पाण्याचाही आकडा असतो, आणि महाराष्ट्रात तो जास्त महत्त्वाचा. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोराडीला आज आपल्या शहराचं भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी जातं, आणि त्यामुळे तिथला हा धोका पुष्कळ कमी होतो. कर्ज देताना मी अशाच गोष्टी शोधायचो.

आता चुलतभावाचा ग्रीन फंड. हवामानासाठी एखादी गोष्ट चांगली असणं आणि तिचा शेअर चांगला असणं, यांचा थेट संबंध नाही. सुझलॉन आठवत असेल. पवनचक्क्यांची आपली मोठी कंपनी, जगाला हवा असलेला धंदा. २००८ च्या जानेवारीत शेअर साडेतीनशेच्या वर होता, २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास. कारणं: परदेशी कंपन्या घेताना काढलेलं कर्ज, २००८ मध्येच आलेली जागतिक मंदी, आणि पवनऊर्जेला मिळणारी वेगवान घसाऱ्याची करसवलत २०१२ मध्ये काढून घेतली गेली. वारा तेवढाच वाहत होता. सौरमध्येही तसंच. राजस्थानात भाडलाच्या लिलावात मे २०१७ मध्ये युनिटचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. ग्राहकाला आणि देशाला हे उत्तम. पण दर असा पडत असेल तर प्रकल्पवाल्याच्या हातात काय राहतं, हे विचारायला हवं. आंध्रात २०१९ मध्ये नव्या सरकारने आधीच सह्या झालेल्या करारांचे दर पुन्हा ठरवायला घेतले, प्रकल्पवाल्यांना उच्च न्यायालयात २०२२ पर्यंत लढावं लागलं. वीज वितरण कंपन्यांची थकबाकी जून २०२२ मध्ये १ लाख ३८ हजार कोटींवर होती. त्यानंतर ती हप्त्यांनी फेडण्याचा नियम आला आणि ती झपाट्याने उतरली, हे खरं. पण सौर प्रकल्पाचं कर्ज तपासताना मी उन्हाची आकडेवारी शेवटी बघायचो आणि वीज कोण विकत घेणार, पैसे किती महिन्यांनी देतो, ते आधी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: थीमॅटिक (एकाच विषयावरचा) ग्रीन फंड कर्ज काढून अजिबात घेऊ नका. हप्ता दर महिन्याला ठरलेला, फंडाचा परतावा ठरलेला नाही, आणि तारण म्हणून जे घर ठेवणार तेच पुराच्या वाटेवर. स्वतःच्या पैशाने, एकूण गुंतवणुकीच्या पाच-दहा टक्क्यांपर्यंत, दहा वर्षं हात न लावण्याच्या तयारीने घ्यायचा असेल तर हरकत नाही. ईएसजी नावाचे, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारे, फंडही वेगळे असतात. त्यांची यादी उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी बँका आणि आयटी कंपन्याच वर दिसतील, आणि त्या तुमच्या इंडेक्स फंडातही आहेतच.

ग्रीन ठेवी आणि ग्रीन रोख्यांबद्दल थोडक्यात. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित रोखे काढले, त्या आर्थिक वर्षी एकूण १६ हजार कोटींचे. सुरुवातीला नेहमीच्या रोख्यांपेक्षा किंचित कमी व्याजावर विकले गेले, पुढे तो फरक फारसा उरला नाही. बँकांच्या ग्रीन ठेवीही सुरक्षिततेत इतर ठेवींसारख्याच, पाच लाखांपर्यंत विमा तोच. स्टेट बँकेने २०२४ मध्ये आणलेल्या अशा ठेवीचा दर नेहमीच्या ठेवीपेक्षा थोडा कमी होता. पैसा चांगल्या कामाला लागावा म्हणून तेवढं व्याज सोडायला तुम्ही तयार असाल तर मनापासून स्वागत आहे. जास्त कमाईची आशा मात्र त्यात ठेवू नका.

घराबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बैठकीत शिरली. त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे विम्याचे कागद घेऊन बरीच माणसं आली. एकाची गाडी पार्किंगमध्ये बोनेटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर त्याने चावी फिरवली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि ते जाम झालं. विमा कंपनीने सीट, वायरिंग, धुलाई दिली, इंजिन नाकारलं. नेहमीच्या पॉलिसीत ते येत नाही, इंजिन प्रोटेक्ट हे जोड संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. बुडालेली गाडी कधीही सुरू करू नका, टो करून न्या. दुसऱ्याला वाटत होतं की गृहकर्जाबरोबर विमा झालाय. कागद उघडला तर तो त्याच्या आयुष्याचा विमा निघाला, भिंतींचा नव्हे.

तुम्ही आज रात्री तुमचा कागद काढा आणि तेच तपासा. घराचा विमा नसेल तर 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे एप्रिल २०२१ पासून आहे. त्यात पूर येतो. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही, म्हणून हप्ता लोकांना वाटतो त्याहून बराच कमी पडतो.

पण विमा घेऊन हा प्रश्न संपत नाही. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, विम्याचा करार बहुतेकदा एका वर्षाचा किंवा फार तर काही वर्षांचा. विमा कंपनी नूतनीकरणाला दर वाढवू शकते, अटी बदलू शकते, निघूनही जाऊ शकते. अमेरिकेत स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे घेणंच थांबवलं, कारणांत वणव्यांचा वाढता धोका आणि बांधकामाचा खर्च होता. तुम्ही मात्र घर उचलून नेऊ शकत नाही. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमची इमारत कुठे पडते ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. आणि लक्षात ठेवा, या रेषा मागच्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात, पुढचा पाऊस त्या नोंदी पाळेलच असं नाही. फ्लॅट विका असं मी सांगत नाही, पण नवीन कर्ज त्याच फ्लॅटवर वाढवू नका. पुढे कधी घर बदलायचा विचार आलाच तर वरचा मजला आणि उंचावरचा भाग यांना थोडे जास्त पैसे मोजायला मी तयार असेन.

एक वाट अशी आहे की तिच्याकडे शेअर-फंडवाले सहसा बघत नाहीत: महागाई आणि व्याजदर. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आणि भाज्या कडाडल्या, किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. त्याआधी, २०२२ च्या मार्च-एप्रिलमधल्या उन्हाने गहू भाजला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) फेब्रुवारी २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत ६.५ टक्क्यांवरच ठेवला, आणि खाद्यपदार्थांची महागाई हे त्यातलं एक मोठं कारण होतं. म्हणजे कुठेतरी पाऊस अवेळी पडतो आणि तुमच्या फ्लॅटचा हप्ता दोन वर्षं खाली येत नाही. फ्लोटिंग (बदलत्या) दराचं कर्ज असलेल्या माणसाला हवामानाचा धोका असाही असतो. म्हणून टॉप-अप घेण्याऐवजी हातात जादा पैसा आला की मूळ कर्ज कमी करा. तो परतावा खात्रीचा आहे.

बागेचं मी थोडक्यात सांगतो, कारण शेती तुमचे वडील माझ्याहून जास्त जाणतात. हवामानावर आधारित फळपीक विमा दरवर्षी भरा, मृग (पावसाळ्यात फुलणारा) आणि आंबिया (हिवाळ्याअखेर फुलणारा) या बहारांच्या मुदती वेगळ्या असतात तेवढं सांभाळा. भरपाई तुमच्या झाडावर नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सततच्या पावसात तुमच्याकडे फळगळ झाली आणि केंद्राच्या नोंदीत अट भरली नाही, तर पैसे येत नाहीत. त्यामुळे विमा हा आधार समजा, भरवसा नको. एखादा आंबिया बहार हातून जाईल असं धरूनच घरखर्चाचा हिशोब मांडा, आणि बागेच्या उत्पन्नावर कुठलाही ठरलेला हप्ता बांधू नका.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? लाभांश आजपासून इंडेक्स फंडात. कोल इंडिया एकदम न विकता तीन-चार आर्थिक वर्षांत टप्प्याटप्प्याने, एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांच्या आत येईपर्यंत. सध्याच्या नियमांप्रमाणे सूचीबद्ध शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यावर साडेबारा टक्के. मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे विकले तर दोन वर्षांची सूट मिळते. ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरना त्या दिवसाची किंमत खरेदीदर म्हणून धरण्याची सोय आहे, तुमचे २०१० चे शेअर त्यात बसतात, सीएला ते आठवणीने सांगा. भाव आज चढा की उतरता याचा विचार करत बसू नका. २०२० मध्ये घाबरून विकणारे आणि २०२४ मध्ये हावेने थांबणारे, दोघांनीही अंदाजावर पैसे लावले होते.

आणि हरित गुंतवणूक करायचीच असेल तर आधी गच्ची बघा. तळमजल्यावर राहत असलात तरी सोसायटीच्या गच्चीत तुमचा हक्क आहे. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत वैयक्तिक घराला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे, गृहनिर्माण संस्थांना सामाईक विजेसाठी वेगळा दर. तीन किलोवॉट नागपूरच्या उन्हात महिन्याला साधारण तीनशे ते साडेतीनशे युनिट देतं. काटोलच्या घरावर ते सहज बसेल. परतावा वापर किती आणि कुठल्या स्लॅबमध्ये यावर ठरतो, नेट मीटरिंगचे (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करण्याचे) नियम नियामक आयोग बदलू शकतो, तरी कर्ज काढून घेतलेल्या थीमॅटिक फंडापेक्षा मी हे दहा वेळा आधी घेईन.

कर्जाचा शिल्लक आकडा आणि दर, आपत्कालीन निधी किती महिन्यांचा आहे, आणि कोल इंडियाचे किती शेअर कुठल्या वर्षी घेतले, एवढं कळवलंत तर टप्पे किती आणि कुठल्या महिन्यात ते मांडून देतो.